चार पहारेकऱ्यांची कव्हरं

९ जानेवारी

प्रिय पंडित,

माझे वडील गेले तेव्हा तू आला होतास, त्यानंतर आपलं बोलणं नाही. तुझा फोन नंबर आत्याकडून घेता आला असता. पण फोनवर तू दोन विनोद करतोस, तिसऱ्याला 'चल, ठेवतो' म्हणतोस आणि माझं सांगायचं राहून जातं. म्हणून पत्र. सख्ख्या आत्येभावाला पत्र लिहिण्यात लाज कसली?

बातमी ऐकून हसशील. मी पुन्हा 'सात दरवाजे' खेळायला लागलोय, छत्तिसाव्या वर्षी. लेकीनं शाळेतून कार्डांचं एक पाकीट आणलं. एक खोडरबर आणि दोन स्टिकर देऊन मैत्रिणीकडून घेतलेलं. जमिनीवर मांडून बसली होती आणि नियम चुकीचा वाचत होती. मी टॉवेल खांद्यावर टाकून न्हाणीघराकडे निघालो होतो. जाता जाता म्हणालो, "नावाडीण दरवाजा उघडत नाही, फक्त माणसं पलीकडे नेते." ती माझ्याकडे बघतच राहिली. बापाला चष्म्याच्या काचा घासण्यापलीकडे काही येतं हे तिला त्या दिवशी कळलं. आंघोळ राहिली बाजूला, मी तासभर जमिनीवर.

आता खेळ बराच बदललाय. दरवाजांना कुलपं आलीत. नव्या कार्डांवर इतकं बारीक लिहिलेलं असतं की मला माझ्याच दुकानातलं भिंग न्यावं लागतं. चौकातल्या खेळण्यांच्या दुकानात मागे एक लांब टेबल आहे, तिथे रविवारी सगळे जमतात. मिसरूड न फुटलेली पोरं मला "काका, तुमचा डाव" म्हणतात आणि सपाटून हरवतात. पण प्लास्टिकची कव्हरं चढवलेली कार्डं पिसायला घेतली ना, की हात आपोआप चालतात. बावीस वर्षांत हात काही विसरले नाहीत. खरं सांगू? आठवड्यातला तेवढाच एक वेळ मी खूश असतो.

आता काम. मे महिन्यात पालक आणि मूल अशी जोडीची स्पर्धा आहे. मी लेकीला घेऊन नाव द्यायला गेलो. काउंटरवरच्या मुलीनं माझं नाव टाकलं आणि थांबली. मग मोठ्यानं वाचलं, "कायमची बंदी. कारण, खुणा केलेली कव्हरं." लेक शेजारीच उभी होती. घरी येताना तिनं विचारलं, "बाबा, तुम्ही केलं होतं?" मी नाही म्हणालो. "मग?" मी म्हणालो, "काका सांगतील."

दुकानाच्या भिंतीवर नियमांचा कागद लावलाय, त्याखाली तुझी सही आहे. मंडळाचा मुख्य पंच. मला अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू. मला तुझ्याकडून दोनच ओळी हव्यात: त्या दिवशी कव्हरं माझी नव्हती, तुझी होती. खुणा कुणी केल्या ते लिहू नकोस. दुकानातूनच तशी आली असतील म्हण. एवढ्यानं भागेल.

आत्याला नमस्कार.

तुझा,
काडी

४ फेब्रुवारी

प्रिय काड्या,

तुझं पाकीट पाहून बायको म्हणाली, हल्ली पत्रं फक्त बँका आणि वेडे पाठवतात. मी म्हणालो, हा बँकेत नाही.

उशीर झाला, राग मानू नकोस. आमच्या वजनमाप खात्यात वर्षाअखेरीची धावपळ असते. बाजार, गोदामं, पेट्रोलपंप, सगळीकडचे काटे आणि मापं तपासायची, शिशाची मोहोर ठोकायची. माणसं एकेक नमुने असतात. परवा एकानं ताटलीखाली चुंबक चिकटवलं होतं. मी ताटली उलटी केली तर म्हणतो, "साहेब, हे कुणी लावलं देव जाणे." हसून हसून पुरेवाट.

तू परत खेळायला लागलास हे वाचून बरं वाटलं. आपण काय वेडे होतो रे! त्या स्पर्धेतला माझा कप अजून दर्शनी कपाटात आहे. आई दर रविवारी पुसते.

राहिली तुझी गोष्ट. मला त्या दिवसाचं खरंच नीट आठवत नाही. कव्हरं तू नवी घेतली होतीस असं माझ्या डोक्यात आहे. आता बावीस वर्षांनी शिळ्या कढीला ऊत कशाला आणायचा? यादी जुनी आहे, कुणी वाचत नाही. ती काउंटरवरची पोरगी उगाच शहाणपणा करायला गेली. आणि मी मुख्य पंच, तू माझा मामेभाऊ. मी तुझ्यासाठी काही लिहिलं तर लोक काय म्हणतील, तूच सांग. लेकीला घरी शिकव, जोडीला वहिनी खेळतील. पोरांना काय, खेळल्याशी मतलब.

कधी आलास तर ये.

तुझा,
पंडित

११ फेब्रुवारी

पंडित,

त्या चुंबकवाल्याला तू सोडलंस का? नसशीलच सोडलं.

तुला आठवत नाही म्हणतोस, मी आठवण करून देतो. उपांत्य फेरीत मी तुला हरवलं. शेवटचा दरवाजा राहिला होता तुझा. तू उठून माझी पाठ थोपटलीस. माझी कव्हरं स्वस्तातली होती, सकाळपासून खेळून तोंडाशी फाटायला आली होती, आणि फाटलं कव्हर दिसलं की सामना गेला. तू तुझी करड्या रंगाची कव्हरं काढलीस आणि म्हणालास, "मी आता बाद झालो, मला काय करायचीत? तू जा, डबा खाऊन घे, मी चढवतो." मी जिन्याखाली बसून डबा खाल्ला. मला वाटत होतं, असा भाऊ मिळायला भाग्य लागतं.

पंचांनी अंतिम सामन्याआधी कव्हरं खिडकीच्या उजेडात धरली. चार कव्हरांच्या डाव्या कोपऱ्यात नखानं दाबलेली खूण. चारांत चार पहारेकरी. साठ कार्डांतली सगळ्यात जोरदार चार.

मी तुझं नाव घेतलं नाही. तू माझ्यापासून तीन हातांवर उभा होतास. मला वाटलं, आत्ता बोलेल. पाच मिनिटं मी वाट बघत होतो. मग त्यांनी तुला बोलावलं, कारण बाद झालेल्याच्या जागी त्यानं हरवलेला खेळाडू येतो. हा नियम आपल्या दोघांत फक्त तुला पाठ होता. तुला पंडित उगाच नव्हते म्हणत. अंतिम सामन्याला कव्हरं उजेडात धरून बघतात, हेही तुला पाठ होतं.

बाकी तुला माहीतच आहे. वडिलांनी गल्लीतली सगळी पोरं अंगणात गोळा करायला लावली आणि माझ्या हातानं एकेकाला मूठमूठ कार्डं वाटायला लावली. एक पोरगा दोनदा रांगेत आला. नंतर कुणाच्या घरातून काही हरवलं की वडील आधी माझ्याकडे बघायचे. दहावीत मार्क चांगले पडले तेव्हा त्यांनी विचारलं होतं, "तुझेच ना?" चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच. आणि ते गेले त्या दिवशी तू माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणालास, मामांचा तुझ्यावर जीव होता.

वडिलांपुढे माझं नाव साफ झालं नाही, ते आता होणारही नाही. लेकीपुढे व्हायला हवं. तिनं माझ्या शब्दावर विश्वास ठेवलाय, पण अकरा वर्षांच्या पोरीचा विश्वास किती दिवस नुसत्या शब्दावर टिकेल? रोज विचारते, काकांचं पत्र आलं का. तुझं आलेलं पत्र मी तिला दाखवू शकलो नाही.

बावीस वर्षं एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. खुणा आधीच्या होत्या असं धरू. मग माझे चार पहारेकरी नेमके त्याच चार कव्हरांत कसे गेले?

काडी

८ मार्च

पंडित,

महिना होत आला. नावनोंदणी एप्रिलअखेर बंद होते. तुझं उत्तर आलं नाही तर मी आत्याला लिहीन. त्या दिवशी ती आपल्याबरोबर हॉलवर आली होती. तू कव्हरं चढवत होतास तेव्हा तुझ्या शेजारीच बसून विणत होती.

काडी

१९ मार्च

प्रिय काड्या,

आईला यात ओढू नकोस. पाया पडतो.

ऑफिसात बसून लिहितोय, शिपायाला सांगितलंय कुणाला आत सोडू नको म्हणून. तीन कागद फाडले. आता जे लिहितोय ते एकदाच लिहीन.

कव्हरं माझी होती. खुणा माझ्या होत्या. आदल्या महिन्यापासून करत होतो. पहारेकरी गठ्ठ्यात कुठे आहेत ते अंगठ्याला कळायचं. आणि तरी तू मला हरवलंस! चोरी करूनही हरलो, याच्यासारखी फजिती नाही.

तुझी कार्डं चढवताना माझ्या मनात काही नव्हतं. शपथ घेऊन सांगतो. पहारेकरी हातात आला की अंगठा आपोआप खुणेचं कव्हर शोधायचा, महिनाभराची सवय होती. सगळी साठ चढवून झाल्यावरही माझ्या लक्षात आलं नाही. पंचांनी पहिलं कव्हर खिडकीशी नेलं तेव्हा कळलं. बोलायचं होतं रे. जीभ टाळूला चिकटली. मग त्यांनी माझं नाव पुकारलं आणि मी जाऊन खुर्चीवर बसलो. खुर्ची अजून तुझ्या अंगानं गरम होती. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

तू विचारशील, सवय होती की मुद्दाम? मीच स्वतःला कितीदा विचारलंय. एकेका दिवशी एकेक उत्तर येतं.

आईनं पाहिलं होतं. घरी येताना बसमध्ये तिनं विचारलं, "ती कव्हरं तुझीच ना रे?" मी नाही म्हणालो. तिनं पुन्हा कधी विचारलं नाही. कप मात्र दर रविवारी पुसते.

आता ऐक. मी मुख्य पंच आहे, सरकारी निरीक्षक आहे, मुलगा आठवीत आहे आणि माझ्याच तालमीत खेळतो. हे बाहेर आलं तर मी कुठे तोंड लपवू? पण तुझं काम अडणार नाही. मंडळाला मी माझ्या सहीनं पत्र पाठवलंय. बंदी उठते आहे. एप्रिलमध्ये लेखी येईल, दुकानावरच येईल. काम झालं समज.

एवढंच कर. वाचून झालं की हे पत्र मला परत पाठव. माझ्या अक्षरातला असा कागद तुझ्या घरात आहे या विचारानं मला झोप लागणार नाही. तू माझा भाऊ आहेस. आपलेच दात, आपलेच ओठ.

पंडित

२६ मार्च

प्रिय पंडित,

पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा दुकानाचं शटर अर्धं ओढून वाचलं. दुसऱ्यांदा तुझा असा राग आला की हातातली काच टेबलावर आपटली, तडकली. ती एका आजीबाईंच्या वाचायच्या चष्म्याची होती, आता दुसरी घासतोय. तिसऱ्यांदा वाचताना, काय सांगू, तुझी कीव आली. पंधरा वर्षांचं पोर गरम खुर्चीवर बसलेलं डोळ्यांपुढे आलं.

तू मंडळाला लिहिलंस, माझ्यासाठी विषय संपला. सवय होती की मुद्दाम, हे मी पुन्हा विचारणार नाही. बावीस वर्षांनी का होईना, तू बोललास. मोठं काळीज लागतं त्याला. मी तुझ्या जागी असतो तर मला जमलं असतं की नाही कुणास ठाऊक.

तुझं पत्र सोबत परत पाठवतोय. बायको म्हणाली, निदान झेरॉक्स काढून ठेवा. मी तिच्यावर ओरडलो. म्हणालो, भाऊ आहे तो माझा. मंडळाला त्यानं सगळं लिहिल्यावर मला आणि कागद कशाला हवा?

लेकीला अजून काही सांगितलेलं नाही. तोंडावर आलं होतं. पण म्हटलं, आपण सांगण्यापेक्षा तिनं मंडळाचं पत्र स्वतःच्या डोळ्यांनी वाचावं. तिला एवढंच म्हणालो, "एप्रिलमध्ये दुकानात पत्र येईल, त्यात सगळं खरं लिहिलेलं असेल." तिनं भिंतीवरच्या कॅलेंडरवर एप्रिलला गोल करून ठेवलाय. अख्ख्या महिन्याला!

आम्ही जोडीचा गठ्ठा बांधतोय. ती म्हणते नावाडीण तीन हव्यात, मी म्हणतो दोन पुरे. रोज वाद. बहुतेक तीनच ठेवू.

आत्याला काही बोलणार नाही. स्पर्धेला ये. लेकीला तिचा काका दाखवायचाय.

तुझाच,
काडी

७ एप्रिल

प्रिय काड्या,

पाकीट मिळालं. उपकार झाले.

स्पर्धेला जमेल असं वाटत नाही, दौरे लागलेत. मंडळाचं पत्र महिनाअखेर येईल. एक सांगून ठेवतो, त्यातली भाषा मंडळाची असते, ठरलेली. शब्दांवर जाऊ नकोस. खेळायला मिळणं महत्त्वाचं.

नावाडीण तीन ठेवा. पोरगी बरोबर सांगते.

पंडित

६ मे

पंडित,

पत्र २८ तारखेला दुकानात उघडलं. रविवार होता, टेबल भरलेलं होतं. मीच लेकीला पुढे केलं. दुकानदाराला म्हणालो, "मोठ्यानं वाचा, सगळ्यांना ऐकू द्या." सगळ्यांना ऐकवायची हौस माझीच. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ना, तसं.

त्यानं वाचलं. मला आता पाठ झालंय. 'सदर खेळाडूने अल्पवयात केलेल्या गैरप्रकाराबद्दल मुख्य पंचांकडे मनापासून पश्चात्ताप व्यक्त केला असून, मुख्य पंचांनी नातेवाईक या नात्याने स्वतः हमी घेतली आहे. त्यांच्या विनंतीवरून मंडळ सदर खेळाडूस उदार मनाने माफ करीत आहे. यापुढे सदर खेळाडूची कव्हरे प्रत्येक फेरीपूर्वी तपासण्यात येतील.'

दुकानदारानं टाळी वाजवली. चांगला माणूस आहे, त्याला वाटलं आनंदाची बातमी आहे. मग पोरांनीही टाळ्या वाजवल्या. एक जण म्हणाला, "काका, मुख्य पंच तुमचे भाऊ आहेत? काय मोठ्या मनाचा माणूस आहे!" माझ्या तोंडून आवाज निघेना. बावीस वर्षांपूर्वी तुझी जीभ टाळूला चिकटली होती म्हणालास. कसं होतं ते मला आता कळलं.

मी तुझ्याकडे माफी मागितली होती का रे? दोन ओळी मागितल्या होत्या. तू त्या दोन ओळी मला लिहिल्यास, परत मागून घेतल्यास आणि मंडळाला तिसरंच काही लिहिलंस. गुन्हा माझा आणि मन तुझं मोठं! मला वाटायचं त्या दिवशी तू पंधरा वर्षांचा होतास, घाबरलास. हे पत्र तू सदतिसाव्या वर्षी, ऑफिसात खुर्चीवर बसून, विचार करून लिहिलंस. सवय होती की मुद्दाम, त्याचं उत्तर मला मिळालं.

आत्याला लिहावं असं मनात आलं. पण बावीस वर्षं मूग गिळून बसलेली बाई आता पोटच्या पोराविरुद्ध बोलेल? आणि मी तुझ्याविरुद्ध काय दाखवू? कागद होता, तो मीच तिकीट लावून तुला परत केला. बायको एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

स्पर्धा काल झाली. मी जाणार नव्हतो. लेक म्हणाली, "नाव दिलंय बाबा, जायला हवं." तीन फेऱ्या खेळलो. प्रत्येक फेरीआधी एक तरुण पंच आमची कव्हरं खिडकीशी घेऊन जायचा आणि बाकीचे आईबाप आपापल्या पोरांच्या कानात काहीतरी सांगायचे. दुसऱ्या फेरीला त्यानं मागायच्या आधीच लेकीनं गठ्ठा उचलून त्याच्या हातात दिला आणि खाली मान घालून बसली. ती सुंदर खेळली, पंडित. दुसरी फेरी तिनं एकटीनं जिंकून दिली. मी चुकत होतो. कार्ड उचलताना अंगठा कोपऱ्याला लागू नये म्हणून मी ते मधोमध धरत होतो आणि दोनदा हातातून पडलं. तिसऱ्या फेरीत बाद झालो.

घरी चालत निघालो. ती नेहमी माझा हात धरून चालते, काल धरला नाही. भाजीची दुकानं आली. मग म्हणाली, "बाबा, मला जानेवारीतच खरं सांगितलं असतंत तरी मी रागावले नसते."

मी थांबलो. काय सांगणार होतो? मी केलं नाही म्हणून? ते सांगून झालं होतं. मंडळाच्या पत्रात सगळं खरं लिहिलेलं असेल, हेही मीच सांगितलं होतं. आता पुन्हा नाही म्हणालो असतो तर मी तिच्या लेखी दोनदा खोटं बोलणारा बाप झालो असतो, आणि वर काकांवर आळ घेणारा. तिचं तोंड रडवेलं झालं होतं. तिला फक्त एवढंच हवं होतं की बाबांनी आता तरी खरं बोलावं.

मग मी म्हणालो, "हो. मीच केलं होतं."

तिनं सुस्कारा सोडला आणि लगेच माझा हात धरला. घरापर्यंत सोडला नाही.

काडी